खुलं पत्र: स्कॅनर आणायच्या आधी फोटोतल्या माणसांची नावं विचारून घ्या

प्रति,
लहान गावांच्या नगरपालिकांचे पदाधिकारी, रेकॉर्ड रूम सांभाळणारे कर्मचारी, वाचनालयांचे कार्यवाह, शाळांचे मुख्याध्यापक आणि गावाचा इतिहास जमवायचा म्हणून एकत्र आलेली सगळी मंडळी यांना

सप्रेम नमस्कार,

गेली बरीच वर्षं मी जुने कागद लावायचं काम करते. नोकरी म्हणून नाही, आवडीने सुरू केलं आणि मग ते सुटलंच नाही. इतिवृत्तांच्या वह्या, आवक-जावक रजिस्टरं, शाळेचे हजेरीपट, पावतीपुस्तकं, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे गठ्ठे, कुणाच्या तरी आजोबांची डायरी, असं जे जे माळ्यावरून, कपाटाच्या मागून, गळक्या खोलीतून निघतं ते पुसायचं, ओळखायचं, क्रमाने लावायचं आणि त्याची यादी करायची. आता हे पत्र लिहायचं कारण असं की अलीकडे बऱ्याच गावांत आपला इतिहास जपायची इच्छा दिसायला लागलीय, कुठे संस्थेला शंभर वर्षं झाली म्हणून, कुठे स्मरणिका काढायची म्हणून, कुठे नुसतीच कुणाला तरी कळकळ वाटली म्हणून, आणि हे फार चांगलं आहे, पण जवळपास सगळीकडे सुरुवात स्कॅनरने होते. पैसे जमले की स्कॅनर, पोरं मदतीला आली की स्कॅनिंग, आणि मिटींगमध्ये विचारलं की काय काम झालं तर उत्तर मिळतं इतकी पानं झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्कॅनिंग थोडं मागे ढकला. आधी गावातल्या वयस्कर माणसांशेजारी ते फोटो आणि ते कागद घेऊन बसा. कागद अजून वीस वर्षं थांबेल, बऱ्यापैकी ठेवला तर शंभरही थांबेल, पण त्यात काय आहे हे सांगणारं माणूस थांबेलच असं नाही.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. एका शाळेच्या कपाटात मला एक ग्रुप फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचा दाबून उठवलेला शिक्का, चार रांगा, पुढची रांग मांडी घालून बसलेली, मधे खुर्च्यांवर शिक्षक, एका मुलाने नेमका हात हलवला म्हणून तिथे हाताच्या जागी धुरकट पट्टा. मागे एक अक्षर नाही. मी चेहरे मोजले, ५१. मग फोटोची एक झेरॉक्स काढली, प्रत्येक चेहऱ्यावर पेनाने नंबर टाकला आणि त्या शाळेत शिकलेल्या एका आजोबांकडे घेऊन गेले. आधी त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही, मागच्या भिंतीकडे पाहिलं, म्हणाले ही खिडकी नंतर बुजवली, म्हणजे हा फोटो मागची खोली बांधायच्या आधीचा. तारीख अशी लागली. मग एकेक नाव. कुणाचं खरं नाव, कुणाचं नुसतं टोपणनाव, एकाचं फक्त ‘तो पोहायला घाबरायचा तो’. पहिल्या बैठकीत १७ नावं मिळाली. आठवड्याने परत गेले तर रात्री पडल्या पडल्या आठवलेली अजून ६ त्यांनी एका कागदावर लिहून ठेवली होती.

मग माझ्याकडून राहिलं. स्कॅन चांगला करून आणू, मोठ्या स्क्रीनवर दाखवू, म्हणजे त्यांना सोपं जाईल, असा माझा विचार होता. स्कॅन उत्तम झाला, ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येतील असा. पण मी तो लॅपटॉपवर घेऊन गेले तोवर त्यांची नजर गेली होती. स्क्रीन समोर धरला, मोठा केला, उजेड वाढवला, ते नुसते अंदाजाने त्या दिशेला बघत राहिले. शेवटी मीच वर्णन करायला लागले, दुसरी रांग, डावीकडून तिसरा, केस कपाळावर आलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले थांब, त्याच्या शेजारी उंच मुलगा आहे का, मग हा तोच. अशी ४ नावं मिळाली. नंतर त्याच शाळेतल्या एका आजींनी ५ सांगितली. ५१ पैकी १९ चेहरे अजून नंबरच आहेत माझ्याकडे.

म्हणून कळवळून सांगते, फाईल कितीही सुंदर असू दे, ‘ग्रुप फोटो, शाळा, तारीख माहीत नाही’ एवढंच तिच्याखाली असेल तर पुढच्या पिढीला ती अनोळखी पोरांची गर्दीच दिसणार.

नावं घेताना एक काळजी मात्र घ्या. कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं हे नावाशेजारी लिहाच, कारण माणसाची आठवण चुकते आणि त्यात काही गैर नाही. त्या फोटोत १४ नंबरचा मुलगा कोण यावर आजोबांचं एक म्हणणं आणि आजींचं दुसरं. मी दोन्ही लिहून ठेवली, कोण बरोबर ते ठरवायचा अधिकार मला नाही, उद्या एखादा हजेरीपट किंवा दुसरा फोटो सापडला तर तो ठरवेल. दोघांना एकत्र बसवून विचारू नका, जो ठामपणे बोलतो त्याचंच नाव वहीत जातं.

दुसरी गोष्ट क्रमाची. याच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. गठ्ठा सोडला की आपला हात शिवशिवतो, पत्रं एकीकडे, पावत्या एकीकडे, फोटो एकीकडे, असं लावावंसं वाटतं. करू नका. कागद ज्याच्याकडून आला, ज्या गठ्ठ्यात होता, ज्या क्रमाने होता, तो क्रम हीसुद्धा माहितीच असते. एका संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत मला दोन पानांच्या मधे घडी घातलेली चिठ्ठी मिळाली. सही नाही, तारीख नाही, फक्त नऊ नावं आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. ती उचलून ‘सुट्या चिठ्ठ्या’ म्हणून वेगळ्या पाकिटात टाकली असती तर आज ती कुणालाही लागली नसती. पण ती ज्या पानाशी होती तिथे ठराव होता, वाचनालयात बायकांना वाचायला वेगळी वेळ द्यावी का, आणि वहीत त्याखाली फक्त ‘बहुमताने नामंजूर’. कोण बाजूने होतं आणि कोण विरोधात, ते त्या चिठ्ठीवर होतं. चिठ्ठी त्याच पानाची हे कशावरून, तर टाचणीच्या गंजाचा डाग चिठ्ठीवर आणि पानावर बरोबर एकाच जागी. मी गंजकी टाचणी काढली, चिठ्ठी पातळ पाकिटात घालून त्याच पानाशी परत ठेवली आणि यादीत तसं लिहिलं.

हा माझा शोध नाही. १८४१ मध्ये फ्रान्समध्ये सरकारी परिपत्रक निघालं होतं की एका कचेरीचे किंवा घराण्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि १८९८ मध्ये म्युलर, फेथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी, म्हणजे सरकारी जुने कागद सांभाळणाऱ्यांनी, कागद लावायची जी नियमावली लिहिली तिचा पायाच हा होता, की मूळ क्रम मोडू नका. योगायोग असा की त्याच १८९८ साली आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गोळा केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा, पहिला खंड निघाला, पुढे असे २२ खंड झाले. ते कागद त्यांना आयते एका जागी मिळाले नव्हते, गावोगाव फिरून, घराघरांत जाऊन, दप्तरांचे रुमाल सोडवून त्यांनी ते मिळवले. म्हणजे खालपासून, घरातल्या कागदापासून इतिहास लिहिता येतो हे मराठी माणसाला नव्याने पटवायची गरज नाही, तरी अजूनही आम्हाला लोक सांगतात की अहो आमच्याकडे काही विशेष नाही, नुसती जुनी पत्रं आहेत.

आता एक दुखरी गोष्ट, नाव न घेता लिहिते. एका ठिकाणी जन्म-मृत्यूची आणि मालमत्तेची जुनी रजिस्टरं बाहेरच्या माणसाला स्कॅनिंगला दिली. काम लवकर व्हावं म्हणून वह्यांच्या शिवणी कापल्या, पानं सुटी केली, मशीनमधून काढली. फाईलींना नावं काय, तर ०००१, ०००२, ०००३. कोणत्या वहीचं कोणतं पान ते कुठेही नाही. मुखपृष्ठं स्कॅन केलीच नाहीत, कारण त्यावर ‘काही लिहिलेलं नव्हतं’, आणि वहीचं वर्ष तर मुखपृष्ठावरच असतं. मग जागा होत नाही म्हणून मूळ पानं रद्दीत गेली. मला हे कळलं तेव्हा हार्ड डिस्क तेवढी उरली होती आणि त्यात काही हजार पानं, ज्यातल्या कित्येकांचं सालसुद्धा सांगता येत नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणूनच जास्त लागतं. स्कॅन झालं म्हणजे मूळ कागद टाकून द्यायची परवानगी मिळाली असं कृपा करून समजू नका.

रद्दीचंच निघालंय तर आयर्लंडचं सांगते. ३० जून १९२२ ला यादवीच्या लढाईत डब्लिनचं सरकारी अभिलेखागार स्फोटाने आणि आगीने गेलं, शेकडो वर्षांचे कागद एका दिवसात. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक सगळी पत्रकं जळाली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण १८६१ आणि १८७१ ची पत्रकं त्या आगीत गेली नाहीत, ती सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट केली होती, आणि १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्याला गेली. म्हणजे आग लागायच्या कितीतरी आधी कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं होतं की याचा आता उपयोग नाही. आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये, शंभर वर्षांनी, त्या जळलेल्या संग्रहाची डिजिटल पुनर्रचना लोकांसाठी खुली झाली, ती कशाच्या जोरावर, तर आधीच्या काळात कुणीकुणी हाताने उतरवून घेतलेल्या नकला आणि इतर अभिलेखागारांत पडलेल्या प्रती. कुणीतरी आपल्या कामापुरती नक्कल केली होती आणि ती दुसऱ्या इमारतीत होती. ही ‘दुसरी इमारत’ फार महत्त्वाची आहे. ३ मार्च २००९ ला जर्मनीत कोलोन शहराचं अभिलेखागार कोसळलं, शेजारून मेट्रोचं खोदकाम चालू होतं, दोन माणसं गेली, आणि कागद महिनोन्महिने ढिगाऱ्यातून आणि भूजलातून वेचावे लागले. ती तर पक्की, खास त्याच कामासाठी बांधलेली इमारत होती. आपल्या कपाटाचं काय सांगावं!

जपणुकीबद्दल थोडं, कारण प्रत्येक वेळी हेच विचारलं जातं. सेलोटेप लावू नका. फाटलेल्या पानाला टेप लावली की काही वर्षांत टेप सुटून पडते आणि खाली राहतो तो पिवळा तेलकट डाग, तो निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको, मी हात जोडून सांगते, त्यात कागद उष्णतेने प्लास्टिकला कायमचा चिकटतो, आतलं आम्ल आतच राहतं आणि नंतर कुणालाही तो सोडवता येत नाही. सन्मानपत्रं, सनदा, पहिल्या सभेचं पत्रक, नेमका सगळ्यात मोलाचा कागदच लोक कौतुकाने लॅमिनेट करून आणतात.

लोकांना आश्चर्य वाटतं की जुना कागद बरा आणि नवा खराब असं कसं. साधारण १८५० पर्यंत कागद बहुतेक चिंध्यांचा असायचा, मग लाकडाचा लगदा आला, त्यात शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ, आणि त्या तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं. म्हणून दोनशे वर्षांचं पत्र अजून लवचिक असतं आणि साठ वर्षांचं वर्तमानपत्र घडीवर हात लावला की तुकडे होतं. म्हणजे घाई कुठे करायची, तर सगळ्यात जुन्या कागदाची नव्हे, गावातल्या साप्ताहिकाच्या गठ्ठ्याची, शाळेच्या हस्तलिखित मासिकाची, सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांची. जुन्या कागदाला धोका असतो तो मायफळ आणि हिराकस घालून केलेल्या शाईचा, ती काळी शाई तपकिरी होत जाते आणि शेवटी अक्षराच्या जागी भोक पडतं, असं पान दिसलं तर ते उलगडत बसू नका, सपाट ठेवा आणि त्याचा फोटो आधी काढा.

बाकीचं साधं आहे. टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढा. खोली थंड आणि कोरडी हवीच, पण एक दिवस एसी आणि दोन दिवस बंद यापेक्षा एकसारखी हवा बरी. भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच येतात. महिन्यातून एकदा खोकी उघडून बघा, कसर लागायला सुरुवात झाली की लगेच कळलं पाहिजे. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, अक्षर पुढच्या बाजूला उमटतं, मऊ पेन्सिल वापरा आणि कडेला हलक्या हाताने लिहा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, निघत नसतील तर आख्ख्या पानाचा फोटो घ्या आणि अल्बम तसाच ठेवा. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करा आणि त्याचं काम आधी घ्या, ती फिल्म कुजायला लागलेली असते. आणि पावसात किंवा पाइप फुटून कागद भिजले तर पानं सोडवायला जाऊ नका, दोन दिवसांत बुरशी धरते, गठ्ठा आहे तसा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, मग शांतपणे जाणकाराला विचारा. गोठवलेला कागद थांबतो, त्याचं पुढे काही करता येतं.

आता स्कॅनिंग. त्याच्याविरुद्ध मी नाही, उलट ते झालंच पाहिजे, मूळ कागदाला कमी हात लागतात आणि लांब राहणाऱ्या माणसालाही बघायला मिळतं. पण यादी आधी. यादी म्हणजे साधी वही किंवा एक्सेल, खोक्याचा नंबर, आत काय, कुठून आलं, कुणी दिलं, अंदाजे साल, आणि अवस्था. तीच यादी स्कॅनच्या फाईलला नाव देते. पत्रं ३०० किंवा ४०० डीपीआयला, फोटो ६०० ला, मूळ फाईल टिफमध्ये (या प्रकारात फाईल मोठी होते पण चित्राचा दर्जा टिकतो), आणि वाटायला हलकी जेपीजी किंवा पीडीएफ. मोबाईलवरून काढले तरी चालतील, उजेड बरा असू दे, कडेला पट्टी ठेवा, पण ते व्हॉट्सअपवरून पाठवून व्हॉट्सअपवरचीच कॉपी जपून ठेवू नका, तिथे फोटो दाबला जातो आणि वर फाईलीचं नाव, तारीख सगळं जातं. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर. आणि वर्षातून एकदा त्या उघडून बघायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, ‘समिती बघेल’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

डिजिटल म्हणजे कायमचं, असं मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने बहुतेक मुलुखाची मोजदाद करून डूम्सडे नावाची नोंदवही करवली. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी डूम्सडे केली, दहा लाखांहून जास्त लोक, त्यात शाळेतली मुलं खूप, आपापल्या भागाची माहिती आणि फोटो देत होती. सगळं लेझरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या मोठ्या तबकडीवर, घातलं. पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मिळ झाली आणि लोकांना खटपट करून ते पुन्हा मिळवावं लागलं. चामड्यावर लिहिलेली १०८६ ची वही मात्र आजही उघडून वाचता येते. आपल्याकडे कुणाच्या घरी सीडीवर स्मरणिका आहे, कुणाकडे कॅसेटवर भाषण आहे, ते वाजवणारा प्लेअर आज मिळतोय तोवर उतरवून घ्या. युनेस्कोनेही २०१९ मध्ये जगभर चुंबकीय टेपांबद्दल हाच इशारा दिला होता आणि धोक्याची मर्यादा म्हणून २०२५ साल धरलं होतं.

मग येतं वाटणं, आणि इथे माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे. फार ठिकाणी कागद सुरक्षित आहेत पण कपाटाची किल्ली एकाकडे. ती व्यक्ती प्रेमानेच सांभाळते, मान्य आहे, पण आजारी पडली, गाव सोडून गेली, नाराज झाली की सगळं थांबतं. ज्या कागदाला कुणी बघतच नाही त्याच्यासाठी जागा आणि पैसे मागायला पुढच्या कमिटीकडे कारण उरत नाही, आणि असे कागद रद्दीत जाताना मी पाहिलेत. आठवड्यातून एक दुपार उघडी ठेवा. यादी भिंतीवर लावा, नेटवर टाका, स्कॅन नसले तरी यादी टाका, नुसती यादी बघून लोक येतात, हे माझ्या आजोबांचं रजिस्टर आहे का म्हणून विचारतात आणि येताना हातात दोन फोटो असतात. ज्याने फोटो दिला त्याला नावांसकट चांगली प्रिंट परत द्या. ज्यांचे हक्क मोकळे आहेत किंवा ज्यांनी परवानगी दिलीय ते फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, पुस्तकं आणि साप्ताहिकं इंटरनेट आर्काइव्हवर ठेवता येतात, दोन्ही सगळ्यांसाठी खुल्या वेबसाइट आहेत, जागेचे पैसे पडत नाहीत. फक्त एका फेसबुक पेजवर सगळा इतिहास ठेवू नका. जिओसिटीज ही लोकांना फुकट वेबपानं बनवू देणारी साइट २००९ मध्ये बंद झाली तेव्हा त्यावर लोकांची कितीतरी घरगुती पानं होती, आणि जे काही वाचलं ते बाहेरच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून कॉपी करून ठेवलं म्हणून.

सगळंच उघडं करायचं असंही नाही. दत्तक, आजार, शिक्षा, शाळेतून काढल्याची नोंद, कुणाचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला, असं रजिस्टरात असतं आणि त्यातली माणसं किंवा त्यांची मुलं आज त्याच गावात राहत असतात. अमेरिकेत जनगणनेची पत्रकं ७२ वर्षं बंद ठेवतात, ब्रिटनमध्ये १०० वर्षं. आपणही आपल्यापुरता आकडा ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्यांना एकच नियम लावा. आणि फोटो आपल्या कपाटात आहे म्हणजे तो छापायचा हक्क आपला, असं नसतं, तो काढणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो, विचारून घेतलं तर बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात.

अजून एक, आणि हे मला फार जवळचं आहे. कपाटात जे आलंय ते ज्यांच्याकडे कपाटं होती त्यांचं आलंय. अध्यक्ष, देणगीदार, मुख्याध्यापक यांची नावं ठळक आणि बाकीचं गाव ‘इत्यादी’. त्या शाळेच्या फोटोत अगदी उजव्या टोकाला, खुर्चीपासून थोडी अंतरावर एक बाई उभी आहे, ४९ नंबर. मी धरून चालले होते की शिक्षिका असावी. आजोबा म्हणाले नाही, ती घंटा द्यायची आणि वर्ग झाडायची, आणि आम्हाला घड्याळ कळायच्या आधी वेळ तिच्यामुळे कळायची. शाळेच्या एकाही रजिस्टरात मला तिचं नाव मिळालं नाही, पगारपत्रकात फक्त हुद्दा. तिचं नाव आजोबांना आठवलं म्हणून आज यादीत आहे. जे कागदावर नाहीत त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड करावाच लागतो. कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं केंद्र सुरू झालं तेव्हा टेपरेकॉर्डर ही मोठी चीज होती, आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख आणि दोघांची नावं बोला, परवानगी आवाजातच घ्या, आणि मग प्रश्न थोडे विचारा, गप्प बसायला शिका, माणूस थांबला म्हणजे संपलं असं नसतं. ‘तुमचं बालपण सांगा’ म्हटलं की लोक भाषण करतात, हातात फोटो किंवा जुनी पावती दिली की बोलायला लागतात.

तेव्हा माझी विनंती आहे ती अशी. येत्या मिटींगमध्ये स्कॅनरच्या कोटेशनच्या आधी एक विषय घ्या, गावात ऐंशीच्या पुढचे कोण कोण आहेत आणि कोणता फोटो कुणाकडे न्यायचा. दोन दोन माणसांच्या जोड्या करा, एक विचारणारा, एक लिहिणारा. नंबर टाकलेली झेरॉक्स, वही, मऊ पेन्सिल, भिंग, एवढंच सामान लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडेही जा, वर्णन करून विचारा, वेळ जास्त लागतो पण होतं.

मी पुढच्या आठवड्यात परत त्या आजोबांकडे जाणार आहे. उरलेल्या १९ पैकी ७ जण शेवटच्या रांगेत आहेत, चेहरे अर्धे झाकलेले, म्हणून यावेळी ते कुणाच्या मागे उभे आहेत आणि कुणाच्या खांद्यावर कुणाचा हात आहे ते सगळं आधी लिहून काढलंय.

आपली,
जुने कागद लावणारी एक स्वयंसेवक